पंचवीस मिनिटांतली माझी अकरा

माझ्या भाच्यांच्या पॉप बँडला आमच्या बर्मिंगहॅममध्ये पंचवीस मिनिटं मिळाली होती. त्यातली अकरा मी खाल्ली.

सई आणि ओम ही माझ्या बहिणीची, नंदाची मुलं. जन्म, शिक्षण, उच्चार, सगळं मेलबर्नचं. सई गाते, ओम ड्रम वाजवतो आणि जॅक गिटार. (जॅक नात्यातला नाही, पण आठवडाभर आमच्याकडे राहून वरणभाताला लागला होता.) इथल्या एका बड्या बँडच्या आधी त्यांना वाजवायचं होतं. जमलं तर पुढचा ग्लासगोपर्यंतचा अख्खा दौरा त्यांचा, नाही जमलं तर रविवारचं विमान आणि मेलबर्न. नंदा रोज फोनवर एकच सांगायची, "दादा, मुलांकडे बघ हं." मी बघितलं. तेच चुकलं.

मी आमच्या मराठी मंडळाचा चौदा वर्षं सेक्रेटरी आहे. (निवडणूक होते. दुसरं कुणी उभं राहत नाही.) भजन असो की कराओके, शाल-श्रीफळ घेतल्याशिवाय आमच्या स्टेजवर कुणी तोंड उघडलेलं नाही. मग सख्ख्या भाच्यांना तसंच कोरडं गाऊ द्यायचं? मंडळाचे चाळीस जण तिकिटं काढून येणार होते, त्यांना काय वाटलं असतं!

निघताना माझ्या बायकोने, मेधाने, पिशवी चाचपली. "अहो, यात नारळ का आहेत?"

"असू देत."

"मुलांना विचारलंत?"

सत्कार काय विचारून करतात, असं म्हणून मी व्हॅन काढली.

बँडचं सामान मीच नेल्यामुळे माझ्या गळ्यात क्रूचा पास होता. टूर मॅनेजर फिओना नावाची ग्लासगोची बाई. सात पंचवीसला दिवे जाणार म्हणजे जाणार, असं तिने मला दोनदा बजावलं. मी मान डोलावली. आपल्याला असा कितीसा वेळ लागतो!

बरोबर सातला मुलं स्टेजवर आली, सईने माइक धरला आणि पडद्यामागून मी पिशवी घेऊन अवतरलो. सईचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आनंदाने. तिला शाल घातली, ओमच्या हातात नारळ दिला (ड्रमच्या काठ्यांसकट तो त्याला धरता येईना), जॅकलाही शाल घातली. तो वाकून चक्क पाया पडला! मग मी दोन शब्द बोललो. इंग्रजीत, आणि आपल्या मंडळींसाठी पुन्हा मराठीत. तेवढ्यात पहिल्या रांगेत आमचे अध्यक्ष जोशीकाका दिसले. त्यांना वगळून सत्कार केला असता तर वर्षभर बोलले नसते माझ्याशी. वर बोलावलं. काकांचे गुडघे दुखतात आणि पायऱ्या सात. वर पोचल्यावर त्यांनी मंडळाच्या स्थापनेपासून सुरुवात केली. समोरची इंग्रज पोरं आधी गोंधळली, मग प्रत्येक वाक्याला टाळ्या वाजवायला लागली. फिओना बाजूला उभी राहून गळ्यावरून आडवा हात फिरवत होती. मी तिलाही नमस्कार केला.

आभारप्रदर्शनाला मी घसा साफ केला, तेवढ्यात सईने माइक काढून घेतला. सात वाजून अकरा मिनिटं झाली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा कुठे मला उमगलं. पोरांची सहा वर्षांची मेहनत मी एका पिशवीत गुंडाळली होती. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

ती लोकांकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "हा आमचा मामा. तुमच्याही घरी असा एक असेलच."

हॉल हसून लोळायचा बाकी राहिला. सात गाण्यांपैकी जेमतेम चारांपुरताच वेळ होता. तिने सगळ्यात चांगलं आधी घेतलं, शाल अंगावर तशीच ठेवून. तिसऱ्या गाण्यापर्यंत सगळे नाचत होते, गुडघे विसरून जोशीकाकासुद्धा. चौथं अर्ध्यावर असताना दिवे गेले, तर लोक अंधारात "अजून, अजून" ओरडत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी करार आला, थेट ग्लासगोपर्यंतचा. सईने मला मिठी मारली आणि नववं कलम वाचायला लावलं: कार्यक्रम चालू असताना बँडच्या मामाने स्टेजपासून वीस फूट लांब राहावं.

पॉप बँडच्या करारात उल्लेख झालेला आमच्या घराण्यातला मी पहिलाच. मेधाने त्या पानाची फ्रेम करून भिंतीवर लावली, तिला शाल घातली, पुढ्यात नारळ ठेवला. मी दोन शब्द बोलायला उठलो, तर म्हणाली, "बसा."