नवऱ्याचं नाव

कुंताचं माहेर वैनगंगेच्या काठचं. बापाला पोरगा नव्हता, म्हणून जाळं पोरीच्याच खांद्यावर आलं. पण लग्न होऊन मूल तालुक्यातल्या गावात आली, तर तिथं निराळाच कायदा. बाईचा पाय तलावात पडला की मासोळी पळते म्हणे! कुंता पदराआड हसायची.

शहाण्णवच्या माघात गावच्या मच्छीमार संस्थेनं मोठं जाळं टाकायचं ठरवलं. जो सभासद हजर नाही, त्याच्या घराला वर्षभर तलाव बंद. आणि नेमका तिचा नवरा इस्तारी हिवतापानं खाटेवर. शेत नाही, दुसरा धंदा नाही. तलाव गेला तर खायचं काय? कुंतानं त्याचा सदरा चढवला, धोतर कसलं, थंडीच्या नावाखाली दुपट्टा डोळ्यांपर्यंत गुंडाळला आणि धुक्यात गड्यांच्या ओळीत जाऊन उभी राहिली. काय छाती म्हणावी बाईची!

शेजारी नेमका संस्थेचा अध्यक्ष वारलूभाऊ. कमरेभर गार पाण्यात कुंतानं हू की चू केलं नाही. जाळं खुंटात अडकलं, तेही तिनंच पायानं चाचपून सोडवलं. आज इस्तारी दोघांचं काम करून राह्यला, असं वारलूनं सगळ्यांना ओरडून सांगितलं.

टोपल्या भरल्या. तालुक्याहून आलेल्या साहेबानं वही काढली. ज्यानं त्यानं आपलं नाव आपल्या तोंडानं सांगायचं होतं. कुंताचा नंबर आला आणि तिची जीभच उचलेना. लग्नातल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव तिनं कधी घेतलं नव्हतं. घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे आईनं शिकवलेलं, आणि तो तर घरी तापानं फणफणलेला. न घ्यावं तर तलाव जातो. साहेबानं दोनदा विचारलं. माणसं वळून पाहू लागली.

कुंतानं दुपट्टा सोडला. "त्याइचं नाव मी घेत नाई, साहेब. माह्यं लिवा. कुंता."

काठावर एकच कालवा झाला. बाई पाण्यात होती आणि टोपल्या तर भरलेल्या! साहेब वारलूकडं पाहू लागला. वारलूभाऊचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं, पण माणूस खोटा नव्हता.

"लिवा," तो म्हणाला. "जाळं तिनंच ओढलं."

घरी इस्तारीनं पहिलं हेच विचारलं, माझं नाव लागलं का.

"नाई," ओला सदरा पिळत कुंता म्हणाली. "माह्यं लागलं."

इस्तारीनं उशाखालून सभासदाचं कार्ड काढलं आणि तिच्या हातात दिलं.