बंद घराचा पंचनामा

जिल्हा नवा झाला आणि मला लातूरच्या कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. त्याच साली दुष्काळ पडला. चाकूरला आमच्या वस्तीतली विहीर आटली, म्हणून आईलाही लातूरला घेऊन आलो. गावच्या घराला कुलूप लागलं. त्या घराच्या भिंतींची माती तिनं स्वतःच्या डोक्यावरून वाहिली होती. कुलूपही तिनंच लावलं आणि तीनदा ओढून पाहिलं.

बंद घराची घरपट्टी माफ होते, हे ज्ञान मला कचेरीत झालं. नव्या जिल्ह्याचा नवा कारकून मी, कायदा जणू मला विचारूनच केला होता. झकास अर्ज लिहिला आणि आईला वाचून दाखवला. ‘सदर घर रिकामे असून तेथे कोणीही राहत नाही’ या वाक्याला तिनं मला थांबवलं.

“रिकामं कसं? मी हाय की,” ती म्हणाली. ते नुसतं कागदापुरतं असतं, असं मी तिला समजावलं. एवढा शहाणा मुलगा तिच्या पोटी आला होता.

घरात कोणी राहत नाही हे दाखवायला घरमालकानं घरात हजर राहायचं, असा नियम होता. म्हणून आम्ही दोघं एसटीनं गेलो. ग्रामसेवक दोन पंचांना घेऊन आले. धूळ, कोळ्याची जाळी, पालथा माठ. इतकं रिकामं घर शोधून सापडलं नसतं. मी एकेक कोपरा अभिमानानं दाखवत होतो आणि ग्रामसेवक लिहून घेत होते. तेवढ्यात आतून धूर आला. शेजारणीकडून तांब्याभर पाणी मागून आईनं चूल पेटवली होती. टँकरची वाट बघणाऱ्या गावात चहाला नाही कोण म्हणणार? तिघांनी बशीत थेंब ठेवला नाही. मग ग्रामसेवकांनी मिशा पुसून शेवटची ओळ लिहिली, ‘चूल पेटती आढळली, सबब घर वापरात आहे.’ अर्ज तिथंच निकालात निघाला.

परतीच्या एसटीत मी आईवर भयंकर चिडलो. पाहुणचाराचं इतकं वेड बरं नव्हे, असं बरंच सुनावलं. कंडक्टर आला तेव्हा सुट्टे पैसे काढायला तिनं पदराची गाठ सोडली. आत दोन पुड्या होत्या, एक चहापत्तीची, एक साखरेची. सकाळी लातूरहून निघतानाच तिनं त्या बांधून घेतल्या होत्या. दोन्हींत अर्धं उरलं होतं.

तिनं शांतपणे गाठ पुन्हा मारली.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “पुढल्या साली परत अर्ज केलास तर लागंल.”