शनिवारी बिघडलेला कर्नल

सर तोतरे बोलू लागले म्हणून मला कर्नल नव्याने बांधावा लागला. सरांची जीभ तशी अगदी सरळ होती. आयुष्यभर शाळेत शेतीचा विषय शिकवलेला, त्यामुळे त्यांचा आवाज माईकशिवाय शेवटच्या बाकापर्यंत जाई. तोतरेपणा होता तो आमच्या कॉम्प्युटरचा.

निवृत्त झाल्यावर सरांनी अकोल्यात, बाजाराच्या मागच्या रस्त्यावर, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत शेतीसल्ल्याचं केंद्र काढलं होतं. मी तिथे कामाला होते. वय तेवीस, गाव अंजनगाव सुर्जी, शिक्षण बी.एस्सी. ती वर्षं वऱ्हाडासाठी वाईट होती. पुण्या-मुंबईच्या पेपरात आमच्या जिल्ह्यांचं नाव एकाच प्रकारच्या बातमीसाठी यायचं आणि सरांना त्याचा भारी राग यायचा. ते म्हणत, माणूस गेल्यावर सगळे चौकशीला येतात, पण पेरणीपासून वेचणीपर्यंत त्याला कोणी काही विचारत नाही. कपाशीवर अळी दिसली की शेतकरी औषधाच्या दुकानात जाई आणि दुकानदार देईल ते फवारी. सरांच्या मते कितीतरी वेळा फवारायची गरजच नसते. पण हे त्याला सकाळी, शेतात निघायच्या आधी कोणीतरी सांगायला हवं. म्हणून ठरलं की एक टेलिफोन लाइन सुरू करायची. फोन लावला की सरांच्या आवाजात त्या दिवसाचा सल्ला ऐकू यायला हवा.

कॉम्प्युटर कुठल्याशा ऑफिसने टाकून दिलेला मिळाला होता. मेमरी इतकी कमी की नवं काही त्यावर चालेना. माझ्याकडे मासिकाबरोबर फुकट आलेली, विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सची सीडी होती, ती चढवली. फोन उचलायला मोडेम जोडला. सरांचा आवाज रेकॉर्ड केला आणि शेजारच्या दुकानातून फोन लावून ऐकला, तर सर म्हणतायत, "फ... फ... फ... फवारणी क... क... करू नका."

सरांनी स्वतः ऐकलं आणि ते गंभीर झाले. म्हणाले, असं ऐकून तर माणूस नक्की फवारेल.

दोष कर्नलचा होता. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. मशीन सुरू झाल्यावर डिस्क, आवाज, कीबोर्ड सगळ्यांशी बोलणी तोच करतो. सीडीवरून आलेला कर्नल कुठल्याही मशीनवर चालावा म्हणून त्यात जगभरच्या यंत्रांची सोय कोंबलेली असते, आणि आमच्या कॉम्प्युटरची मेमरी त्यातच संपून जायची. उपाय माझ्याकडच्या लिनक्सच्या पुस्तकात दिलेला होता: आपल्याला हवं तेवढंच निवडून आपला कर्नल आपण बांधायचा. हे मी कधी केलं नव्हतं. सरांना मात्र सांगून टाकलं की दोन दिवसांत करते. त्यांनी लगेच चिठ्ठ्या छापल्या आणि बाजारात, एसटी स्टँडवर, पातूरपर्यंत चिकटवून आले. सोमवारी सकाळी सात वाजता लाइन सुरू.

शुक्रवारी दिवसभर कर्नल बांधला. शनिवारी सकाळी तो जागेवर ठेवला. डिस्कवर जागा कमी होती आणि माझा आत्मविश्वास जास्त, म्हणून जुना कर्नल पुसून त्याच जागी नवा टाकला. मशीन बंद करून चालू केलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर गेल्या आणि अचानक थांबल्या. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, कर्नल पॅनिक.

सर मागेच उभे होते. त्यांनी चष्मा सावरून ती ओळ वाचली.

"पॅनिक म्हंजे घाबरला ना व? कोणाले घाबरला?"

मी सांगितलं की त्याला डिस्क सापडत नाहीये. सरांनी विचारलं, डिस्क आतच आहे ना? मी म्हटलं, आहे. त्यावर त्यांनी खिशात उरलेली एक चिठ्ठी काढली आणि सोमवारची वेळ पुन्हा वाचली. चिठ्ठ्या तर सगळीकडे चिकटून झाल्या होत्या.

मशीन परत उभं करायला लिनक्सची सीडी हवी होती आणि ती अमरावतीला होती, माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीकडे. ती तिकडे कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. मीच तिला महिन्यापूर्वी सीडी दिली होती. मिळेल ती एसटी पकडली. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं, आणि पूर्ण रस्ताभर मी मांडीवर पुस्तक उघडून तेच एक प्रकरण वाचत होते. मैत्रिणीच्या घरी पोचले तेव्हा दुपार झाली होती. सगळं ऐकून ती आधी पोटभर हसली.

"जुना कर्नल बाजूले ठेवला नाई? काहून व?"

डिस्कवर जागा नव्हती, मी म्हटलं, तर ती आणखी हसली. तिच्या आईने आम्हा दोघींना जेवायला बसवलं. पातोडीची भाजी होती, झणझणीत, आणि खाताना डोळ्यांतून पाणी आलं ते भाजीचं की माझं हे कोणी विचारलं नाही. जेवण झाल्यावर मैत्रिणीने सीडी रुमालात गुंडाळून दिली. सोबत तिची वहीही दिली, कॉम्प्युटरला द्यायच्या सगळ्या आज्ञा एकीखाली एक लिहिलेली. स्टँडवर सोडायला आली आणि एसटी हलेपर्यंत खिडकीखाली उभी राहून चिडवत राहिली. परतीच्या प्रवासात मला माझंच हसू यायला लागलं होतं.

रविवारी सकाळी सीडी घातली, तर ड्राइव्ह ती वाचेना. घरघर करून थांबे, पुन्हा घरघर. मी ड्राइव्ह काढून खाली नेला.

आमच्या जिन्याखाली चाचांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. साठीचे, मेंदीने लाल केलेली दाढी, आणि कानाला कायम लावलेली पेन्सिल. शुक्रवारी दुपारी ते दुकान बंद ठेवत, रविवारी उघडं. कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावला नव्हता, पण ड्राइव्ह उघडून आतलं भिंग त्यांनी लगेच ओळखलं. स्पिरिटमध्ये कापूस बुडवून ते पुसलं आणि चालते का पाहायला माझ्यामागे वर आले. सीडी चालली. मी आभार मानले, तरी चाचा गेले नाहीत. स्टूल ओढून बसले.

सीडीवरून मशीन उभं केलं, डिस्क उघडली, सरांचं रेकॉर्डिंग जागच्या जागी होतं. म्हणजे डिस्क शाबूत. मी मशीन सुरू होतानाच्या नोंदींत एकदम तीन गोष्टी बदलल्या आणि मशीन पुन्हा चालू केलं. तीच ओळ. आणखी दोन बदलल्या. तीच ओळ. मग आधीच्या तिन्ही उलट फिरवल्या. चाचा शांतपणे पाहत होते.

"बेटा, तू काय करून राहिली?"

मी म्हटलं, दुरुस्ती.

"नाई. तू अंदाज लावून राहिली. माह्याकडे रेडिओ आला का मी पयले एकच विचारतो, का चालू होता तवा अन् बंद पडला तवा, मधात कोणं कशाले हात लावला. ते सांग मले. सगळं सांग. मले समजो का न समजो."

नशिबाने जुन्या कर्नलमध्ये काय काय होतं त्याची यादी आणि माझ्या कर्नलची यादी, दोन्ही डिस्कवर होत्या. मी वाचायला लागले आणि एकेक ओळ चाचांना समजेल अशी सांगत गेले. प्रिंटर, काढून टाकला. नेटवर्क, काढून टाकलं. साउंड कार्ड, आत घेतलं. चाचा प्रत्येकाला "हाव" म्हणत होते. मग डिस्कची ओळ आली. मी म्हटलं, ही काढली नाही, फक्त कर्नल हलका राहावा म्हणून हिचा भाग वेगळा ठेवला. लागेल तेव्हा तो उचलून आणेल.

"कुठून आणल?"

"डिस्कवरून," मी म्हटलं, आणि माझंच बोलणं माझ्या कानावर पडलं.

चाचांनाही ते माझ्याइतक्याच वेळात समजलं. पेन्सिल कानावरून काढून ते हसायला लागले.

"डिस्क उघडाचं सामान डिस्कमधात ठेवलं तू. मंग तो बिचारा घाबरल नाई तं काय करल?"

सर आले तेव्हा आम्ही दोघं पोट धरून हसत होतो. त्यांना वाटलं मशीन सुरू झालं. मी समजावून सांगितल्यावर तेही हसले, पण जरा उशिरा आणि घड्याळाकडे पाहून.

एक ओळ बदलायची होती, पण कर्नल पुन्हा बांधायला साडेतीन तास लागणार होते आणि दुपारी लोडशेडिंग. मधे लाइट गेली तर परत पहिल्यापासून. चाचा खाली गेले आणि दुकानातली ट्रकची बॅटरी अन् इन्व्हर्टर घेऊन आले. जिन्यावरून बॅटरी चढवताना सर एका बाजूने आणि चाचा दुसऱ्या बाजूने, दोघंही एकमेकांना, तुमी नका उचलू, तुमचं वय झालं, असं बजावत होते.

पडद्यावर ओळी धावत राहिल्या. सरांना स्वस्थ बसवेना. त्यांनी सोमवारचा सल्ला मोठ्याने वाचून सराव सुरू केला. दोन वेळा ऐकल्यावर चाचा म्हणाले, सर, तुमी भाषण देऊन राहिले, सभा नाई भरली इथं, फोनवर एकच माणूस हाय. सर रागावले. मग कागद बाजूला ठेवून चाचांकडे पाहत, त्यांनाच सांगितल्यासारखं बोलले: पानं उलटून पाहा, अळी दिसली तर मोजा, दोन-चार असतील तर राहू द्या, पाखरं खातील. चाचांनी विचारलं, जास्त असतील तं? सरांनी तेही सांगितलं. तेच रेकॉर्ड करायचं ठरलं. माझ्या आठवणीत त्या केंद्रातली ती सगळ्यांत चांगली दुपार. लाइट मधे खरंच गेली, पंखा थांबला, आणि पडद्यावरच्या ओळी तशाच धावत राहिल्या, तेव्हा आम्ही तिघंही काही क्षण बॅटरीकडे कौतुकाने पाहत बसलो.

चार वाजून गेल्यावर कर्नल तयार झाला. जागेवर ठेवला, मशीन चालू केलं. पडद्यावर फक्त दोन अक्षरं उमटली आणि सगळं थांबलं. या वेळी पॅनिकसुद्धा नाही.

सरांचा चेहरा उतरला. मी हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले आणि स्वतःलाच विचारलं, मधे काय बदललं? कर्नल नवा, म्हणून डिस्कवरची त्याची जागा नवी. आणि मशीन सुरू होताना कर्नलला उचलणारा जो छोटा प्रोग्राम असतो, त्याच्या नोंदीत अजून जुनीच जागा. मैत्रिणीच्या वहीत ती आज्ञा शेवटच्या पानावर होती, खाली दोनदा रेघ ओढलेली. पुन्हा सीडी, एक ओळ, पुन्हा चालू.

ओळी वर गेल्या. थांबतील असं वाटलं तिथे थांबल्या नाहीत. डिस्क सापडली, साउंड कार्ड सापडलं आणि शेवटी मशीनने माझं नाव विचारलं. मी सरांचं रेकॉर्डिंग लावलं. "फवारणी करू नका," सर म्हणाले, एका दमात. सरांनी ते तीनदा लावायला सांगितलं. मग चाचांना समोर बसवून दुपारचं बोलणं सोमवारसाठी रेकॉर्ड केलं.

सोमवारी सातला आम्ही तिघंही हजर. पहिली वीस मिनिटं काहीच नाही. मग घंटी वाजली, मोडेमने फोन उचलला आणि त्याच्या छोट्या स्पीकरवर सरांचा आवाज आम्हालाही ऐकू आला. सल्ला संपला. पलीकडच्या माणसाने फोन ठेवलाच नाही. जरा थांबून तो म्हणाला, "बरं सर, समजलं. पण माह्या तुरीचं काय?"

सर खुर्चीवरून उठलेच. रिसीव्हर उचलून त्यांनी तुरीचं सांगायला सुरुवात केली आणि कितीतरी वेळ सांगतच राहिले. माणसाला शेवटपर्यंत कळलं नाही की आधीचे सर वेगळे आणि हे वेगळे. फोन ठेवल्यावर सर मला म्हणाले, उद्या तुरीचं बी रेकॉर्ड करू.

ती लाइन पुढे चार हंगाम चालली. मोबाइल आले तेव्हा सरांनी आपणहून बंद केली. पहिल्या वर्षी दिवाळीला मी अंजनगावला गेले, तर वडील पहाटे ओसरीत शेजाऱ्यांचा लांब वायरीचा फोन आणून बसलेले, रिसीव्हर कानाला, मान हलतेय. मी विचारलं, कोणाशी बोलताय? त्यांनी हाताने मला गप्प केलं आणि फोनवर हात ठेवून हळूच सांगितलं, "थांब व, सर बोलून राहिले."