देवाचा दात उपटणारा

पारोळ्यात पितांबर आबांना सगळे 'बाम आबा' म्हणत, आणि त्यात मान अजिबात नव्हता. महायुद्धाच्या काळात नरडाणा स्टेशनच्या अलीकडे लष्करी गाडीचा डबा घसरला, त्यातला एक बॉम्ब गडगडत शेतात गेला, गोरे साहेब धूम पळाले आणि सुरुंगाच्या पलटणीतल्या कोवळ्या पितांबरने त्यावर मांड ठोकून त्याचा फ्यूज काढला, ही हकीकत आबा पानटपरीवर, सलूनमध्ये, मयताच्या घरीसुद्धा सांगत. लोक विचारत, "आबा, बाम व्हता का भोपळा?"

बायकोने, लिलाबाईंनी, तर लग्नाच्या पहिल्याच वर्षी निकाल लावला होता. "भिंतवरनी पालले भ्यातस, आन् म्हणे बामवर बसनात!" जग हसलं तर आबांना चालायचं. हिने एकदा तरी 'खरं' म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

एकोणनव्वद साली माजी सैनिकांची काळजी वाहणाऱ्या एका कचेरीला अचानक जाग आली. पंचेचाळीस वर्षं म्हणजे सरकारी हिशेबात डुलकीच. आबांच्या शौर्याच्या जागी स्मारकाचा दगड बसवायचं ठरलं. दगड तयार होता, फक्त जागा सापडायची होती. कचेरीतले साहेब जीप घेऊन आले आणि आबांना सोबत घेऊन निघाले.

रुळालगत आता कुठे कारखान्याची भिंत, कुठे वेड्या बाभळी. आबा दर बाभळीपाशी "हीच जागा" म्हणू लागले, तसे साहेब घड्याळ बघू लागले. शेवटी चहासाठी चिंचबर्डी गावात थांबले.

"पहिले देवदर्शन, मंग चहा," गावच्या देवळाचा पुजारी मगनभाऊ म्हणाला. आधी दोघांची आडनावं विचारून घेतली. मग साहेबांना गाभाऱ्यात नेलं आणि आबांना पायरीवरच थांबवलं. कारण कोणी सांगितलं नाही. गाव सभ्य होतं.

आबांनी पायरीवरूनच पाहिलं. शेंदराचे थर, चांदीचे डोळे; पण तो गोल बांधा आणि मागचे पत्र्याचे पंख! माणूस एक वेळ स्वतःची बायको ओळखायला चुकेल, पण ज्याला मांडीखाली दाबून मरणाची वाट पाहिली त्याला विसरत नाही.

"लोखंडीबाबा आभायमाईन पडना," मगनभाऊ साहेबांना सांगत होता. "मंग एक खाकी राक्षस उना, बाबाना उरवर बसना, दात उपाडीसन पळी गया. तवयपाईन बाबा शांत शे."

"तो राक्षस मी शे!" आबा ओरडले. "आन् तो बाबा नही, बाम शे!"

सगळं गाव एकदम बोलू लागलं. नवसाची पोरं काय बॉम्बने दिली? साहेब शहाणे होते. खोबऱ्याचा प्रसाद चघळत त्यांनी शेरा मारला, 'जागा आढळून आली नाही.' दगड कचेरीच्या आवारात परत गेला. त्याला हल्ली सायकली टेकवतात.

"आते बामना देव बी व्हयना का?" घरी हे ऐकून लिलाबाई पोट धरून हसल्या. आबा हसले नाहीत. ताटावर बसून रडू लागले. नवऱ्याला रडताना लिलाबाईंनी कधी पाहिलं नव्हतं; त्या मनातून चरकल्या. चैत्रात चिंचबर्डीची यात्रा भरली तेव्हा त्या आबांबरोबर निघाल्या. अर्थात नवऱ्याचं खोटं पकडायलाच, असं त्यांनी शेजारणींना बजावून सांगितलं.

यात्रेत राक्षस जाळायची चाल होती. पेंढ्याच्या राक्षसाला खाकी कपडे पूर्वीपासून होते. यंदा गावाने सुधारणा केली होती. त्याला आबांसारखाच चष्मा आणि पांढऱ्या मिशा लावल्या होत्या.

"मांगला सालले परत उना व्हता मेला," शेजारी उभी असलेली बेबाबाई नावाची म्हातारी लिलाबाईंना सांगू लागली. "मी पोर व्हतू तवय यानीच बाबाना दात उपाडा. बठ्ठा गाव पळना, हाऊ एकटा बसना बाबाना उरवर. मना डोयावरी दखेल शे."

नवरा जन्मभर जे सांगत आला, तेच ही बाई शिव्या घालून सांगत होती. आपण या माणसाला किती छळलं, या विचाराने लिलाबाईंना लाज वाटली.

पेंढा पेटला. लोक टाळ्या पिटू लागले. कोणी ओळखू नये म्हणून आबा खाली मान घालून मागे सरकत होते. लिलाबाईंनी त्यांचं मनगट धरलं, गर्दीतून ओढत पुढे आणलं आणि बेबाबाईसमोर उभं केलं.

"नीट दखी ले माय," त्या म्हणाल्या. "त्या राक्षसनी बायको शे मी."