बारीक सुरांचा निकाल

शनिवार, २१ फेब्रुवारी १९९८. धुळे, शाळेचा एक वर्ग, दुपारी अडीच. हजर: कानाचे डॉक्टर, नोंदी लिहिणाऱ्या सिस्टर, शिरपूर तालुक्यातल्या खेड्यातली सात वर्षांची मुलगी, तिची आई, मी. वहीत एवढंच आहे. बाकीचं आठवून लिहिते आहे.

मी तेव्हा कॉम्प्युटरचे वर्ग घेत असे. डॉक्टरांच्या शिबिरासाठी एक प्रोग्रॅम लिहून दिला होता. मुलाच्या कानावर हेडफोन, हातात माऊस. एक जाड सूर, मग एक बारीक, पुन्हा जाड. ऐकू आला की बटण दाबायचं, दाबलं की लगेच पुढचा. चार सेकंदांत दाबलं नाही, तर 'ऐकू आला नाही' अशी नोंद. सूर वाजवण्याचं काम एका तयार मल्टिमीडिया लायब्ररीकडे, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेल्या प्रोग्रॅमकडे होतं. फाइलचं नाव द्यायचं, वाजवणं तिच्याकडे.

ही मुलगी वर्गात उत्तर देत नाही म्हणून गुरुजींनी पाठवली होती. निकाल आला: जाड सूर सगळे ऐकू येतात, बारीक एकही नाही. डॉक्टरांनी जळगावच्या कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेचा अर्ज पुढे ओढला. चार वाजता ते अर्ज घेऊन जळगावला निघणार होते.

"तिले ऐकू येस, डॉक्टरसाहेब," आई म्हणाली. "मी हाक मारी का पयत येस."

"हाक जाड असते, ती ऐकू येणारच. बारीक आवाज जातात. म्हणून वर्गात समजत नाही."

"गुरुजी नवा शेतस. त्यासनी बोलीच तिले समजत नही." मग माझ्या कॉम्प्युटरकडे बघून, "तुमना मशीनलेच कमी ऐकू येत व्हई."

सिस्टर हसल्या. मला हसू आलं नाही, कारण डॉक्टर सही करता करता म्हणाले, "बुधवारी तुमचा प्रोग्रॅम सुरू केल्यापासून बारीक सूर न ऐकणारी पोरं फारच निघतायत, मॅडम."

मी त्यांना दहा मिनिटं मागितली. त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

हेडफोनची पिन काढून पुन्हा लावली. आवाजाची पट्टी पाहिली. बारीक सुराच्या फाइली एकेक करून वाजवल्या, सगळ्या वाजल्या. स्वतः हेडफोन लावून पूर्ण तपासणी दिली. एकही सूर चुकला नाही. पुन्हा दिली, तेच.

"झालं समाधान?" डॉक्टर म्हणाले.

मुलीला परत बसवलं. पुन्हा जाड सगळे, बारीक एकही नाही. आई माझ्याकडे बघत होती. दहातली सात मिनिटं गेली होती.

"अजून एकदा," मी म्हटलं. या वेळी पडद्याकडे पाहिलंच नाही, मुलीच्या बोटाकडे पाहिलं. सूर सुरू होतो न होतो तोच बोट खाली. सूर दोन सेकंदांचा होता आणि ती अर्ध्या सेकंदाच्या आत दाबत होती. मी मात्र प्रत्येक वेळी सूर पूर्ण संपू देऊन मगच दाबलं होतं. घरी महिनाभर तपासलं तेही तसंच. एक काम संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, ही माझी सवय.

हेडफोन लावला आणि तिच्यासारखं झटकन दाबलं. जाड सूर चालूच राहिला. तो संपल्यावर शांतता. पडद्यावर माझ्यापुढे नोंद आली: ऐकू आला नाही.

पहिला सूर संपला नसेल तर लायब्ररी दुसरा घेत नव्हती. तसं ती सांगतही होती. प्रत्येक वेळी एक आकडा परत देत होती, वाजलं तर शून्य, नाही तर चुकीचा क्रमांक. तो आकडा मी कुठेच घेतला नव्हता. ज्या मुलांना चटकन ऐकू येत होतं, नेमक्या त्यांनाच माझा प्रोग्रॅम बहिरं ठरवत होता.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण घातलं. नवा सूर मागण्याआधी जुना बंद करायचा, आकडा पाहायचा, शून्य नसेल तर नोंद करायची नाही, एवढ्या ओळी घालेपर्यंत साडेतीन वाजले. मुलीने चौथ्यांदा तपासणी दिली. सगळे सूर ऐकू आले. डॉक्टरांनी अर्ज फाडला.

"मी काय म्हनत होतू?" आई म्हणाली, आणि पोरीचे केस नीट करायला लागली.

"आणि बुधवारपासून शिरपूरच्या शिबिरात तपासलेली मुलं?" डॉक्टरांनी विचारलं. त्या मुलांचे अर्ज अजून डॉक्टरांच्याच बॅगेत होते. पण मूल बहिरं आहे असं घरोघरी सांगून झालं होतं.

प्रत्येक बटणाची वेळ प्रोग्रॅम लिहून ठेवत होता, ते माझ्या हौसेपोटी. त्यावरून चटकन दाबणारी मुलं निवडली. सात निघाली. वहीत सात ओळी आखल्या. पुढच्या दोन आठवड्यांत सहा जणांची फेरतपासणी झाली. पाच निर्दोष, एकाला खरोखरच कमी ऐकू येत होतं.

सातवा मुलगा आठ वर्षांचा. दोनदा गेले, दोन्ही वेळा घराला कुलूप. शेजारच्या अक्का म्हणाल्या, घरना बठ्ठा लोक सुरतकडे कामाले गयात. पोराले ऐकू येत नही म्हनीसन शाळातून काढी लिधा.

वही माझ्याकडे आहे. सातव्या ओळीपुढे अजून खूण नाही.