फोटोमागचं नाव

या फोरमवर मी आजवर फक्त वाचायला येत होते. बरेचदा हसायलाही, खरं सांगायचं तर. आमचं घर बौद्ध. नवस, उतारे, अंगात येणं यातलं काहीच आमच्याकडे नाही. मी शाळेत इतिहास शिकवते. पुरावा काय, हा प्रश्न मुलांना रोज विचारते. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाज वाटतेय. पण माझ्याबरोबर घडलंय, म्हणून लिहिते.

आम्ही नाशिकला उपनगरात राहतो. दुसरा मजला, टू बीएचके. मी, मिस्टर आणि माझे सासरे – आप्पा. आप्पा सैन्यातून हवालदार म्हणून रिटायर झाले, आता ब्याऐंशीचे आहेत. दोन्ही कान जवळजवळ गेलेत. मशीन लावलं नसेल तर कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही.

मला छंद आहे जुन्या फोटोंचा. सगळ्यांचा नाही – इंग्रजांच्या काळात पलटणीत असलेल्या आपल्या शिपायांच्या फोटोंचा. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, तपकिरी पडलेले. आणि त्यातही नाव असलेले. असे फोटो फार कमी मिळतात. साहेबांची नावं असतात, शिपायाच्या फोटोखाली नुसतं 'नेटिव्ह सोल्जर'. म्हणून एखाद्या चेहऱ्याला नाव मिळालं की मला घरचं माणूस सापडल्यासारखं वाटतं. मोडी शिकले तीही त्यासाठीच.

गेल्या वर्षी इथल्याच द्वारका चौकाजवळच्या एका भंगारवाल्याकडे जुन्या फ्रेम्सच्या ढिगात एक फोटो मिळाला. पागोटं, पट्टा, पायात काही नाही. एक हात टेबलावर, मागे रंगवलेला पडदा. वय असेल विशीचं. डोळे मात्र कॅमेऱ्याकडे नाहीत, जरा बाजूला... कुणी हाक मारेल म्हणून वाट बघत असल्यासारखे. मागे मोडीत चार ओळी – नंबर, नाव, पलटण, गाव. नावाच्या शेवटी 'नाक' होतं, जुन्या महार शिपायांच्या नावात असायचं तसं, म्हणजे आमच्याच समाजाचा. पूर्ण नाव इथे लिहीत नाही. का, ते पुढे कळेलच.

रविवारची दुपार होती. मिस्टर बाहेर गेले होते. आप्पा हॉलमध्ये कॉटवर पडलेले, मशीन टेबलावर काढून ठेवलेलं. मी डायनिंग टेबलवर भिंग घेऊन बसले होते. अक्षरं लागली तशी मी नंबर आणि नाव मोठ्याने वाचलं. सवय आहे मला तशी.

आप्पा उठून बसले. दाराकडे बघत म्हणाले, "कोण आलंय गं?"

"कुणी नाही आप्पा."

"मग 'हजर' कोण म्हणालं? जिन्यात कुणीतरी म्हणालं."

मी त्यांना मशीन दाखवलं, हाताने खूण केली की तुम्ही लावलेलंच नाही. ते मशीनकडे बघत राहिले. मग परत आडवे झाले. मी पण सोडून दिलं. म्हातारं माणूस, झोपेत काहीतरी ऐकलं असेल.

तीन-चार दिवसांनी पुण्याच्या कुलकर्णी सरांना फोन लावला. त्यांच्याकडेही असाच संग्रह आहे, जुन्या पलटणींच्या याद्या ते शोधून देतात. संध्याकाळचे पाच-साडेपाच झाले असतील. त्यांना नीट ऐकू गेलं नाही म्हणून मी नाव दोनदा सांगितलं. सरांनी मधेच विचारलं,

"ताई, मिस्टर घरी आहेत का?"

"नाही, सेकंड शिफ्टला आहेत. का?"

"काही नाही... तुम्ही नाव घेतलंत आणि मागून कोणीतरी 'हजर' म्हणालं. दोन्ही वेळा."

आप्पांचा किस्सा मी त्यांना सांगितलेला नव्हता. कुणालाच सांगितलेला नव्हता. मी वळून पाहिलं. फ्लॅटचं दार उघडं होतं – मी लावलेलं दार. बाहेर पॅसेजमध्ये कुणी नाही. मी फोन ठेवला आणि दाराला आतून कडी घातली.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी इतिहासाची बाई ना! म्हटलं, तपासून बघू. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारी घरी आले. आप्पा आतल्या खोलीत झोपले होते. मी त्यांचं दार ओढून घेतलं, खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. फोटो समोर ठेवून नंबर, नाव, स्पष्ट उच्चारात. एकदा. मग परत. मग तिसऱ्यांदा.

काहीच नाही. मला कसलाच आवाज आला नाही. रेकॉर्डिंग ऐकलं, त्यातही फक्त मी.

सुटल्यासारखं वाटलं. तेवढ्यात आतलं दार उघडलं. आप्पा काठी धरून उभे होते. कानात मशीन नव्हतं. दोन लढाया बघितलेला माणूस, आणि दारातून पुढे यायला तयार नव्हता.

"वैशाली, त्याला सारखं बोलावू नकोस."

मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी हात वर केला.

"हलू नकोस. तुझ्या खुर्चीमागे उभा आहे तो."

मी मागे वळले नाही. वळूच शकले नाही. पाठीला गार लागत होतं – पंखा बंद, खिडक्या बंद, एप्रिल महिना. आप्पा माझ्या डोक्याच्या वर बघत होते. मग हळूच म्हणाले, "पोरगाच आहे गं. दमलाय."

त्या रात्री मिस्टरांनी फोटो गोदेत सोडू म्हटलं. आप्पांनी ऐकलं नाही. "मागे गाव लिहिलंय ना? मग गावाला पोचवायचा."

गाव वणीच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून आत. पुढच्या रविवारी मी आणि आप्पा गेलो. वस्तीत 'जुन्या काळी पलटणीत गेलेलं कुणी होतं का' असं विचारत विचारत एका म्हाताऱ्या बाईंपर्यंत पोचलो. जनाबाई. ऐंशीच्या पुढच्या, दारात शेंगा फोडत बसलेल्या. जय भीम झाला, त्यांनी आत चटईवर बसवलं. मी फोटो हातात दिला. त्यांना वाचता येत नव्हतं. नाव मी सांगितलं नाही, तोंडातून निघेचना.

त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. त्या अनवाणी पायांवरून बोट फिरवलं.

"आमच्या आज्याचा चुलता आसंल ह्यो. पलटणीत गेला, माघारी नाय आला. आज्याची आजी लय वाट बघायची म्हणं." आणि त्यांनी नाव घेतलं. तेच, पूर्ण. फोटोच्या मागे होतं तसंच.

मी आप्पांचा हात घट्ट धरला. जनाबाई फोटोकडे बघूनच म्हणाल्या, "ये रं बाबा घरी. ये."

आणि या वेळी मला ऐकू आलं.

'हजर' नाही. "आलो."

माझ्या उजव्या कानाजवळ, इतकं जवळ की श्वास लागला. उजवीकडे भिंत होती. जनाबाईंनी वर न बघता शेंगांचं सूप ओढून घेतलं, कुणाला तरी जागा करून द्यावी तसं. आप्पांनी पाय आखडून घेतले.

फोटो तिथेच ठेवून आम्ही निघालो.

कुलकर्णी सरांना त्या नावाची नोंद कुठल्याही यादीत मिळाली नाही. तो कुठे गेला, त्याचं काय झालं, फोटो भंगारात कसा आला – काही माहीत नाही. मशीनशिवाय आप्पांना ऐकू कसं आलं, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारायची माझी हिंमत झाली नाही.

महिन्याभराने जनाबाईंच्या नातवाच्या मोबाईलवर फोन केला. कसं काय, विचारलं. म्हणाल्या, "बरं हाय. दुपारचा उंबऱ्यात बसतो."

"कोण?" विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. त्या नुसत्या हसल्या.

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"मला कशाला भ्या वाटंल? घरचाच हाय त्यो. तू परकी, म्हणून तुला वाटलं."

असेल. माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही.