मधे सलाईन

आईला दर तीन महिन्यांनी सीटी स्कॅनला न्यावं लागतं, म्हणून सुरतेच्या स्कॅन सेंटरमधले एक टेक्निशियन माझ्या ओळखीचे झाले. धुळ्याकडचे, अंगाने जाडजूड, आणि घाईशी त्यांचं जुनं वैर. स्कॅनमध्ये नीट दिसावं म्हणून शिरेतून डाय सोडतात, त्याच्या आधी आणि नंतर ते नळी सलाईनने धुतात, उजेडात धरून बघतात, मगच "हां, चालो" म्हणतात. कॅन्टीनमध्येसुद्धा खमण संपलं की आधी घोटभर पाणी, मग चहा.

या खेपेला आई दवाखान्यात दाखल होती आणि हाताला अँटिबायोटिकची बाटली चालू होती.

"त्याच्यातूनच सोडा ना डाय, उशीर होतोय," मी म्हणालो.

त्यांनी बाटली बंद केली आणि नळीत आधी सलाईन सोडलं. "भाऊ, तुम्ही पांडेसऱ्याच्या कापड गिरणीत डाइंग मास्तर ना? लाल रंग काढला की मशीन न धुता लगेच पिवळा घालता का? काही औषधं डायला भेटली की दुधासारखी फाटतात. तो गाळ मावशींच्या शिरेत घालू?"

मी बाहेर आलो.

तिथे माझ्या दोन्ही बहिणींची जुंपली होती. आईला आरामाला आपल्याच घरी नेणार म्हणून दोघी हमरीतुमरीवर आल्या होत्या. आवाज ऐकून टेक्निशियन बाहेर आले, दोघींकडे नीट बघितलं आणि मला दंडाला धरून मधल्या खुर्चीत बसवलं.

"हलू नका," म्हणाले. "तुम्ही सलाईन."

आईचा स्कॅन अर्ध्या तासात उरकला. मी अजून मधेच बसलोय.